डोक्यावरची रेघ

सात पोथ्या आहेत. आठवी होती म्हणतात,
ती तंजावराहून येताना मिरजेच्या फलाटावर राहिली.
सातांपैकी एकीलाही पहिलं पान नाही,
म्हणून या आख्यानाला नाव नाही.
रजिस्टरात आम्ही त्याला 'नदीचं' म्हणतो.

कोष्ट्याची सून, रात्र, भरलेली नदी.
पाणी गुडघ्याला लागतं तेव्हा ती
पैलतीरावरच्या कुणाला तरी म्हणते:
मज घर.
तीन पोथ्या असं म्हणतात.
दोन म्हणतात, मज धर.

घ आणि ध, फरक तो केवढा?
घ च्या डोक्यावर रेघ सलग,
ध च्या डोक्यावर जराशी फट.
बोरू क्षणभर उचलला की धर,
उचलायचा राहिला की घर.

वाईच्या लेखकूने तर सरळ
माजघर करून टाकलंय.
शेवटच्या पानावर कुरकुरतो: मान धरली, कंबर गेली,
वाचणाऱ्याने तेलकट हात लावू नयेत.
भुकेला असणार बिचारा,
आतून भाकरीचा वास येत असणार.
त्याचा पाठ मी तळटीपेत टाकला,
पण मला तो आवडतो.

उरली सर्वांत जुनी, निरेकाठची.
कडा झिजल्यात, शाई अजून काजळासारखी.
सगळी भिस्त हिच्यावर,
आणि हिच्या त्याच पानावर, त्याच ओळीत,
त्याच अक्षराच्या बरोबर डोक्यावर
कसरीने भोक पाडलंय. मोहरीएवढं.
बाकी पान धड.
एकशेचाळीस पानांत तिला
दुसरं अक्षर मिळालं नाही.

भिंगातून बघितलं. उजेडाला धरून बघितलं.
भोकातून लॉ कॉलेज रस्त्यावरची
एक रिक्षा जाताना दिसली.

नियम सांगतो, अवघड पाठ खरा.
लेखकू अवघडाचं सोपं करतो,
सोप्याचं अवघड करत नाही.
बरं. पण यातलं अवघड कोणतं?
घर मागणं,
की हात मागणं?

शनिवारी ठोसर सरांकडे गेले.
एरंडवणं, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
एकोणीस वर्षं त्यांनी या सात पोथ्या सांभाळल्या,
आता ऐकू येत नाही, पाटीवर लिहून विचारावं लागतं.
मी लिहिलं: घ? ध?
त्यांनी पाटी जवळ घेतली, लांब धरली, चष्मा बदलला.
म्हणाले, "रेघ नीट मारत जा, वैजयंती.
दोन्ही सारखेच काढलेस."

मग बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या.
त्या त्यांना ऐकू आल्या नाहीत, मी मोजल्या.
निघताना दारापर्यंत आले, म्हणाले,
"दोन्ही छाप. एक वर, एक खाली.
खाली कोणाला टाकायचं,
एवढ्याचाच तर पगार घेतला मी."

आज सोमवार. वर धर ठेवलंय, खाली घर.
उद्या उलटं करीनही.
संशयित अक्षराखाली नागमोडी रेघ द्यायची,
ही इथली जुनी पद्धत. पेन्सिलीने दिली.
कागद तिरका करून पाहिलं
तर बाई अजून तिथेच उभी,
पाणी होतं तेवढंच, गुडघ्याला.

पाच वाजले. शिदोरे लाल रुमाल घेऊन आले,
पोथीत वेखंडाची पुरचुंडी सारली,
कापड चारी बाजूंनी दुमडलं.
"बोट ठेवा हो बाई," म्हणाले, "गाठ मारतो."
मी बोट ठेवलं.
टेकडीवर कुठेतरी मोर ओरडला.
गाठ बसली, बोट
जरा उशिराच काढलं.